घरातील टाकाऊ वस्तू : कोणती राखावी, कोणती विकावी

घरातून दररोज निघणाऱ्या केराचे काय करावे, हा प्रश्न पूर्वी खेड्यातील कुटुंबास फारसा पडत नसे. चुलीतील राख, भाजीची देठे, गोठ्यातील शेण व गव्हाणीत उरलेली वैरण हे सर्व उकिरड्यावर जाई आणि मृगापूर्वी शेतात पडे. फाटक्या लुगड्यांची वाकळ होई. चेपलेले तांब्यापितळेचे भांडे कासाराकडे मोडीत जाई. त्याउपर जे उरे ते अगदीच थोडे असे. आज त्याच उकिरड्यात दुधाची पिशवी, बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन, शांपूची पुडी, औषधाची बाटली आणि विजेरीचा निकामी सेल ही सर्व एकत्र पडलेली आढळतात. केर वाढला हे खरे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याची जात बदलली.

केर वेगवेगळा ठेवावा व त्यातील वस्तू पुन्हा उपयोगात आणाव्यात, असे ग्रामसभेत वारंवार सांगितले जाते. त्यावर शेतकऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो : यात आम्हास काय मिळणार? हा प्रश्न रास्त आहे व त्यास सरसकट 'पुष्कळ' असे उत्तर देणे योग्य नव्हे. काही जिनसांत उघड फायदा आहे, काहींत श्रमापुरताही नाही, आणि काही अशा आहेत की त्यांपासून पैसा मिळत नसला तरी त्या वेगळ्या न ठेवल्यास शेताचे व जनावरांचे नुकसान ठरलेले आहे.

कोणतीही टाकाऊ वस्तू पुन्हा उपयोगात येण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. ती कुजवून वा वितळवून पुन्हा कामास येणाऱ्या जातीची असावी. ती सुटी व बऱ्यापैकी स्वच्छ असावी. आणि ती घेणारा माणूस गावाच्या आवाक्यात असावा. यांपैकी पहिली गोष्ट निसर्गाच्या हाती आहे व तिसरी बाजाराच्या. दुसरी मात्र सर्वस्वी घरच्या माणसांच्या हाती आहे.

ओला केर

खेड्यातील घराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा केर म्हणजे कुजणारा केर होय. वजनाने पाहिल्यास घरच्या केरात त्याचाच वाटा मोठा असतो. त्यास गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक म्हणजे स्वतःचे शेत.

तथापि येथेही हिशेब नीट मांडला पाहिजे. चांगल्या कुजलेल्या खतात नत्राचे प्रमाण साधारणतः अर्धा टक्का धरतात. म्हणजे एक टन खतातून सुमारे ५ किलो नत्र मिळते. युरियात ४६ टक्के नत्र असते. तेव्हा ५ किलो नत्रासाठी ११ किलो युरिया पुरतो. युरियाची ४५ किलोची गोणी सरकारी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांस मिळते, असे धरले तर एक टन खतातील नत्राची किंमत अवघी ६५ रुपयांच्या घरात येते. स्फुरद व पालाश जमेस धरले की हा आकडा वाढतो खरा, तरीही तो फार मोठा होत नाही. इतक्यासाठी वर्षभर केर निवडावा, खड्डा भरावा व खत वाहून न्यावे काय, असे कोणी विचारल्यास त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही.

पण खताचे मोल केवळ नत्रात मोजणे हीच मूळ चूक आहे. युरियातून नत्राखेरीज जमिनीस काही मिळत नाही. कंपोस्टातून सेंद्रिय द्रव्य मिळते. त्याच्या योगाने भारी काळी जमीन भुसभुशीत होते, हलक्या मुरमाड जमिनीत ओल अधिक दिवस टिकते, आणि दिलेले वरखतही पाण्याबरोबर वाहून न जाता मुळांशी राहते. पावसात दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला म्हणजे ज्या वावरात दरसाल खत पडलेले असते, ते शेजारच्या वावरापेक्षा उशिरा माना टाकते, हे जुन्या शेतकऱ्यांस सांगावे लागत नाही. कोणत्याही गोणीतून हा गुण विकत मिळत नाही.

केरापासून खत करण्याच्या रीतींना आपल्याकडे चांगली परंपरा आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे शेतातील टाकाऊ पदार्थांपासून कंपोस्ट करण्याची जी पद्धत बसविली, ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी पुढे नाडेप पद्धत तयार केली. तिचा विशेष असा, की तीत शेण फार थोडे लागते. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधावयाचे व भिंतींत हवेसाठी झरोके ठेवावयाचे. त्यात सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, साधारण १,७५० किलो चाळलेली माती व जरुरीप्रमाणे पाणी थराथराने घालून वरून शेणमातीने लिंपावयाचे. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते.

येथे एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात घ्यावी. समजा, एका कुटुंबाचा स्वयंपाकघरातील केर दिवसास एक किलो निघतो. वर्षाचे ते ३६५ किलो झाले. एवढ्यावर नाडेपचे टाके भरणार नाही. त्यास तुरीचा पाला, उसाचे पाचट, सोयाबीनचे काड, झाडांचा पालापाचोळा यांची जोड द्यावी लागते, किंवा चार घरांनी मिळून एक टाके करावे लागते. ज्याच्याजवळ जनावरे आहेत त्याने वेगळे टाके न बांधता खरकटे व देठे शेणखताच्या खड्ड्यातच टाकून मातीने झाकली तरी काम भागते. मात्र खत पुरते कुजल्याशिवाय शेतात नेऊ नये. कच्च्या शेणखताबरोबर हुमणीचा उपद्रव शेतात जातो.

चुलीची राखही उपयोगी आहे, कारण तीत पालाश व चुना असतो. परंतु ती ओल्या शेणात किंवा युरियात मिसळू नये. तसे केल्याने नत्र वायुरूपाने उडून जाते. चुनखडीच्या जमिनीत तर राखेचा मारा टाळावा. ज्या चुलीत प्लास्टिक जाळले गेले असेल, तिची राख शेतात नेऊच नये.

खतातील प्लास्टिक

आता ज्यासाठी केर वेगळा करावयाचा, ते मुख्य कारण. कुजणाऱ्या केरात पिशव्या, पुड्या व काचा मिसळल्या की तयार झालेले खत खत राहत नाही. दहा महिने कुजलेल्या उकिरड्यातून पिशव्या वेचून काढणे जवळजवळ अशक्य असते. त्या खताबरोबर शेतात जातात. नांगरटीने व उन्हाने त्यांचे तुकडे होतात, पण ते कुजत नाहीत. प्रत्येक मशागतीत अधिक बारीक होत राहतात. एकदा मातीत गेलेले हे तुकडे परत काढण्याचा व्यवहार्य उपाय शेतकऱ्याजवळ नाही.

जनावरांचे नुकसान याहून लौकर दिसते. उरलेली भाकरी किंवा भाजी पिशवीत बांधून गाठ मारून उकिरड्यावर फेकली, की गाय ती पिशवीसकट खाते. पिशवी पहिल्या पोटातच राहते. ती पचत नाही व पुढेही सरकत नाही. अशा पिशव्यांचा गोळा हळूहळू वाढतो. जनावराचा चारा कमी होतो, वारंवार पोट फुगते, दूध आटते, आणि कारण कळेपर्यंत बहुधा वेळ निघून गेलेली असते. शस्त्रक्रिया करून पोटातून कित्येक किलो प्लास्टिक काढावे लागल्याची उदाहरणे पशुवैद्यकांस नवी नाहीत. म्हणून घरात दोन टोपल्या ठेवण्याचा फायदा भंगाराच्या पैशात शोधू नये. एका दुभत्या जनावराची किंमत ही त्या दोन टोपल्यांची किंमत आहे.

भंगारात काय जावे

धातूंच्या बाबतीत फारसे सांगण्याची जरुरी नाही. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम व लोखंड या क्रमाने भाव मिळतो आणि घेणारा दारी येतो. हे धातू कितीही वेळा वितळविले तरी त्यांचा कस जात नाही. खनिजापासून ॲल्युमिनियम काढण्यास जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा जुने ॲल्युमिनियम वितळविण्यास लागते. म्हणूनच त्यास इतकी मागणी आहे. मोटारीच्या जळक्या गुंडाळीतील किंवा वायरीतील तांबे काढण्यासाठी वरचे आवरण जाळण्याची रीत काही ठिकाणी आहे, ती सोडावी. त्या धुरात अत्यंत विषारी वायू असतात, व जळून काळवंडलेली तार सोललेल्या तारेहून हलक्या प्रतीची धरतात.

रद्दी व खोकी यांसही निश्चित गिऱ्हाईक आहे. आपल्या देशातील कागद गिरण्यांचा मोठा भाग रद्दीवर चालतो व पुरेशी रद्दी मिळत नाही म्हणून ती परदेशांतूनही आणावी लागते. प्रत्येक वेळी लगदा करताना कागदाचे तंतू तुटून आखूड होतात, त्यामुळे पाच-सात फेऱ्यांनंतर ते कामातून जातात. तरीही तेवढ्या फेऱ्या काही थोड्या नव्हेत. रद्दीचे शत्रू तीन : पाणी, तेल व वाळवी. पावसाळाभर पडवीत पडलेल्या वह्या दिवाळीत विकावयास काढल्या तर निम्म्या फेकाव्या लागतात. रद्दी मृगापूर्वी विकून मोकळे व्हावे. तेलकट किंवा भिजलेला साधा कागद खताच्या खड्ड्यात घालावा. चकचकीत मुलाम्याचा कागद त्यात घालू नये.

जुन्या कपड्यांची व्यवस्था लावण्यात आपल्या घरातील स्त्रियांस कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. वाकळ, पायपुसणे, पोतेरे या पायऱ्यांनी सुती कापड शेवटच्या धाग्यापर्यंत वापरले जाते, व उरलेले बोहारणीस देऊन भांडे घेतले जाते. नव्या कृत्रिम धाग्याच्या कापडात ही सोय कमी आहे, कारण ते पाणी शोषत नाही आणि मातीत कुजतही नाही.

प्लास्टिक : एक नाव, अनेक जिनसा

प्लास्टिक विकले जाते की नाही, या प्रश्नास उत्तर नाही. कारण प्लास्टिक हे एका वस्तूचे नाव नव्हे. अनेक वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक अंक असतो, तो जात दाखवितो. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या १ क्रमांकाच्या. तेलाचे जाड कॅन व बादल्यांचा काही प्रकार २ क्रमांकात येतो. दुधाच्या पिशव्या बहुधा ४ क्रमांकाच्या आणि खताच्या विणलेल्या गोण्या ५ क्रमांकाच्या असतात. या चारही जातींना बाजार आहे. पाण्याच्या बाटल्यांपासून मुख्यतः कापडाचा धागा काढतात. कॅनपासून नळ्या, घमेली वगैरे होतात. जाती एकत्र वितळविल्या तर मात्र माल बिघडतो. म्हणूनच निवडलेल्या मालास जो भाव मिळतो तो मिसळलेल्या मालास मिळत नाही.

बाटल्यांच्या बाबतीत अडचण वजनाची आहे. एक लिटरच्या ४० ते ५० रिकाम्या बाटल्या मिळून जेमतेम एक किलो भरते. टेम्पो वजनाने भरण्याच्या आधी आकारमानाने भरतो, व भाड्यातच भाव संपतो. तालुक्यापासून दूर असलेल्या गावात भंगारवाला बाटल्या घेण्यास नाखूष असतो, त्याचे कारण हेच. बाटली पायाखाली चेपून, झाकण लावून ठेवली तर त्याच पोत्यात दुपटीहून अधिक माल मावतो. एका घराने हे करून फारसे साधत नाही, वाडीने केले तर साधते.

दुधाच्या पिशवीचा हिशेब असाच आहे. रोज अर्धा लिटरची एक पिशवी घेणाऱ्या घरात वर्षभराच्या पिशव्यांचे वजन एखाद्या किलोच्या आसपास जाते. तेवढ्यासाठी उन्हाळ्यात, जेथे हंडाभर पाण्यासाठी पायपीट आहे तेथे, गोडे पाणी घालून पिशव्या धुवाव्यात असे सांगणे शहाणपणाचे नाही. पिशवीत घोटभर पाणी घालून, खळबळून, ते दुधातच ओतण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. तेवढे पुरेसे होते. मग ती दोरीवर वाळवून ठेवावी. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, लटकता ठेवावा. तो सुटा तुकडा कोणी वेचत नाही व अखेर गटारात किंवा खतात जातो.

राहिल्या पुड्या. शांपू, गुटखा, वेफर यांच्या पुड्या प्लास्टिक व ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांस चिकटवून केलेल्या असतात. ते थर स्वस्तात वेगळे करता येत नाहीत. म्हणून त्यांना भाव नाही, भंगारवाला त्या घेत नाही, आणि घेईल असे आश्वासन कोणी देऊही नये. थर्मोकोलची अवस्था जवळजवळ अशीच. त्यात बहुतांश हवाच असते. शेतातील आच्छादनाचा पातळ कागदही मातीने इतका बरबटलेला असतो की तो धुण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होतो. ठिबकच्या जुन्या नळ्या मात्र विकल्या जातात.

मग या पुड्यांचे करावे काय? त्या जाळू नयेत, विशेषतः चुलीत किंवा बंबात तर मुळीच नाही. घरच्या आगीची उष्णता अपुरी असते व विषारी धूर प्रथम स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो. सिमेंटच्या भट्ट्यांत १,४०० अंश सेल्सियसहून अधिक उष्णता असते. तेथे असा केर इंधन म्हणून वापरता येतो. काही जातींचे प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात घालण्याची रीत मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी बसविली. तिच्याबद्दल त्यांस २०१८ साली पद्मश्री मिळाली. हे दोन्ही मार्ग गावाच्या वा तालुक्याच्या पातळीवरचे आहेत. घराने एवढेच करावे, की पुड्या कोरड्या ठेवून एका पोत्यात साठवाव्यात व पंचायतीच्या संकलनात द्याव्यात. यात घरास पैसा नाही. पुडीऐवजी बाटली किंवा सुटा माल घेता आला तर पोते उशिरा भरेल, इतकाच लाभ.

काच

काच कितीही वेळा वितळविली तरी तिचा गुण कमी होत नाही. या दृष्टीने ती प्लास्टिकहून श्रेष्ठ आहे. परंतु ती जड आहे, फुटते, आणि तिचा कच्चा माल म्हणजे वाळू स्वस्त आहे. यामुळे फुटक्या काचेस गावात भाव जवळजवळ नसतो. अख्खी बाटली धुऊन पुन्हा भरली जाणे हाच काचेचा खरा पुनर्वापर. म्हणून बाटल्या अख्ख्या ठेवून द्याव्यात. फुटलेली काच डब्यात वेगळी ठेवावी. भातखाचरात किंवा पाणभरत्या उसात अनवाणी काम करणाऱ्याच्या पायात जाणारी काच बहुधा खताबरोबरच आलेली असते.

ज्या वस्तू विकू नयेत

कीटकनाशके व तणनाशके यांच्या बाटल्या चांगल्या जाड प्लास्टिकच्या असतात व भंगारवाला त्या आनंदाने घेतो. त्या त्यास देऊ नयेत. घरात तेल, रॉकेल वा पाणी ठेवण्यासाठी तर त्या कदापि वापरू नयेत. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, म्हणजे औषधही वाया जात नाही. नंतर बाटलीस भोके पाडून ती कुलपाच्या जागी ठेवावी व संकलनाची सोय असेल तेथे द्यावी. अशी वेष्टने पुन्हा वापरात येणार नाहीत अशा रीतीने त्यांची विल्हेवाट लावण्याचे बंधन कीटकनाशक नियम, १९७१ मध्येच घातलेले आहे.

ट्रॅक्टर, इन्व्हर्टर व फवारणी पंप यांच्या शिशाच्या बॅटऱ्यांना भाव चांगला येतो, आणि त्यातच धोका आहे. अंगणात बॅटरी फोडून शिसे काढल्यास तेजाब व शिशाची भुकटी मातीत उतरते. तेथे खेळणाऱ्या मुलांच्या शरीरात शिसे जाते व त्यांच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो. जुनी बॅटरी अख्खीच, नवी घेताना दुकानदारास परत द्यावी. त्याबद्दल किमतीत सूटही मिळते. पाऱ्याचे दिवे, नळकांडी, मुदत संपलेली औषधे व निकामी सेल वेगळ्या डब्यात राहू द्यावेत. बाळांचे लंगोट व सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून निराळे द्यावेत. ते खतातही नकोत व भंगारातही नकोत.

गावाने करावयाचे काम

पुष्कळ गावांत घंटागाडी सुरू होते व काही महिन्यांनी इंधनाच्या खर्चापायी बंद पडते. त्याचे कारण बहुधा असे असते, की गाडी मुख्यतः ओला केर वाहते. ओला केर रोज निघतो, वजनदार असतो आणि दुसऱ्याच दिवशी वास मारू लागतो. तो घरीच किंवा चार घरांच्या टाक्यात जिरला, तर उरलेला सुका केर पंधरा दिवसांतून किंवा महिन्यातून एकदा उचलला तरी चालतो. फेऱ्या कमी होतात आणि खर्च पंचायतीस झेपतो. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण विभागाचा दुसरा टप्पा २०२० साली सुरू झाला. त्यात प्रत्येक तालुक्यात प्लास्टिक हाताळण्याचे एक केंद्र उभारण्याची योजना होती. आपल्या तालुक्यातील केंद्र कोठे आहे, ते चालू आहे काय व पुड्या घेते काय, याची चौकशी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पंचायत समितीत आधी करावी. नंतरच घरांना पोती वाटावीत. जमविलेला माल जाण्यास जागा नसेल तर लोक एकदा फसतात व पुन्हा ऐकत नाहीत.

प्रारंभ सगळ्या गावात करू नये. एखादी वीस-पंचवीस घरांची वस्ती निवडावी. महिन्याचा एक वार ठरवून बचत गटातील स्त्रियांकडून सुका केर गोळा करवावा. धातू, रद्दी, बाटल्या व पिशव्या निवडून विकाव्यात व येणारा पैसा गटाकडेच ठेवावा. पुड्यांचे पोते वेगळे तोलावे. तीन महिन्यांनंतर तीन आकडे पाहावेत : विकलेल्या मालाचे पैसे, न विकल्या गेलेल्या मालाचे वजन आणि वाहतुकीचा खर्च. पैसे खर्चाहून कमी आले तर ती फेरी दोन महिन्यांतून एकदा करून पाहावी, किंवा शेजारच्या गावाबरोबर एकच टेम्पो करावा. त्याच सुमारास वस्तीतील उकिरड्याची एक पाटी खत चाळून त्यात पिशव्यांचे तुकडे किती निघतात तेही मोजावे, आणि फेरी सुरू होण्यापूर्वी चाळलेल्या पाटीशी ते ताडून पाहावे.